आमच्या लग्नात आमच्या मुली

आमच्या घरी लग्नाचा एक अल्बम आहे. २०१३ सालचा. बरीच वर्षं तो सांगलीला मुलींच्या नानीकडं होता. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा नानीचं तळमजल्यावरचं घर पाण्यात गेलं आणि लोखंडी कपाटासह अल्बमही पाण्यात गेला. पाणी ओसरल्यावर बघितलं तर पानं एकमेकांना चिकटलेली. आम्ही ती पंख्याखाली वाळवली, जमतील तशी सोडवली. काही फोटोंत सेहरा शिल्लक राहिला, चेहरा गेला. काहींत पंगत शाबूत, पण नवरा-नवरीच्या जागी पिवळट डाग. टाकून द्यायला मन होईना, म्हणून तो मिरजेला आणून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका रविवारी मुलींनी तो खाली काढला. थोरली तेव्हा सात वर्षांची, धाकटी चार वर्षांची. धाकटीनं सगळी पानं उलटून बघितली आणि विचारलं, "आम्ही कुठायत?"

"आपण नव्हतो तेव्हा," थोरलीनं शहाणपणा केला.

"चाचा आहे, फिर मै क्यों नै?" असं म्हणून धाकटीनं भोकाड पसरलं. सगळ्यांना बोलावलं आणि मलाच बोलावलं नाही, ही तिची तक्रार. आम्ही हसून हसून थकलो, पण ती काही गप्प बसेना. शेवटी तिच्या चाचानं अल्बम हातात घेतला, एका पुसट डागावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ये देक, ये तू. पानीमें धुल गई." तिला ते पटलं. त्या दिवसापासून घरी कुणी पाहुणा आला की ती तो डाग दाखवायची.

हा लेख त्या तक्रारीबद्दलच आहे. 'आम्ही' म्हणतोय ते मोठेपणानं नव्हे. हे आम्ही नवरा-बायको दोघांनी मिळून लिहिलंय. रात्री मुली झोपल्या की एक बोलतो, दुसरा लिहितो; मग भांडण होतं आणि लिहिलेलं खोडलं जातं. आमच्यातली आई प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्यातला बाप एसटीच्या आगारात यांत्रिक आहे. घरात बापाची आई, म्हणजे आमची अम्मा. पलीकडच्या गल्लीत धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन मुलगे. बहीण नाही. मिरजेतल्या शेकडो मुसलमान घरांसारखंच आमचं घर.

आमची सकाळ पाच वाजता सुरू होते. अम्मा फजरच्या नमाजला उठते, तिच्या वजूच्या तांब्याचा आवाज हाच आमचा गजर. बापाची पहिली पाळी असेल तर तो सहाला बाहेर पडतो. मग आईच्या हातात दोन डोकी येतात. थोरलीचे केस दाट आणि कुरळे, तिच्या वेण्या घालायच्या म्हणजे कुस्ती. धाकटीचे केस रेशमासारखे, रिबीन टिकतच नाही. शाळेत जाताना दोन असतात, येताना एक. महिन्याला किती रिबिनी लागतात याचा हिशेब आम्ही सोडून दिलाय. बापाची दुसरी पाळी असली की वेण्या तो घालतो. बोल्ट आवळणाऱ्या हातांनी घातलेल्या त्या वेण्या दिवसभर सुटत नाहीत, पण मुली म्हणतात, डोकं दुखतं.

डब्यात चपाती-भाजी. धाकटीला कोणतीही भाजी असो, सोबत शेंगदाण्याची चटणी हवीच. दोघी मराठी शाळेत जातात. थोरली चौथीत, धाकटी पहिलीत. दुपारी घरी आल्या की अम्माच्या ताब्यात. असरच्या नमाजनंतर गल्लीतल्या आपांकडं कुराण शिकायला जातात. तिथून आल्या की दोघी एका स्कार्फवरून भांडतात, आणि मग गृहपाठ.

घरात आम्ही दखनी बोलतो. आमची दखनी म्हणजे अर्धी मराठीच. 'नक्को', 'कायकू', 'वोइच', 'मैच'. मराठीतला 'च' आम्ही कधी उचलला हे कुणाला आठवत नाही. शाळेच्या अर्जावर मातृभाषेचा रकाना आला की मात्र आमची पंचाईत होते. दखनीला तिथं जागा नाही. उर्दू लिहावं तर आम्हा दोघांनाही ती नीट वाचता येत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख होते आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे आमच्यासारखी पंचाईत झालेले थोडेथोडके नाहीत. थोरलीच्या अर्जावर आम्ही 'उर्दू' लिहिलं, धाकटीच्या अर्जावर 'मराठी'. एकाच आईच्या दोन मुलींच्या मातृभाषा दोन, असा चमत्कार आमच्या घरात आहे. धाकटी हल्ली अम्माला शिकवते, "दादी, पानी नाही, पाणी म्हण." अम्मा म्हणते, "पानी बोल्या तो प्यास बुजती नै क्या गे?"

धाकटी महापुराच्याच वर्षी, पुढं डिसेंबरात जन्मली. दुसरीही मुलगीच, हे कळल्यावर दवाखान्याच्या व्हरांड्यात जी शांतता पसरली ती आम्ही विसरलो नाही. कुणी वाईट बोललं नाही. उलट सगळे समजूतच घालत होते. "अल्लाची मर्जी." "पुढच्या खेपेला होईल." आम्ही आनंदात होतो आणि लोक आमचं सांत्वन करत होते! आपल्याकडं मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी किंवा जिलेबी. त्या दिवशी तेही कुणाला सुचलं नाही. संध्याकाळी मुलींचा चाचा आला, हातात एक किलो पेढ्यांचा पुडा. नर्सबाईंनी विचारलं, "मुलगा झालाय का हो?" तो म्हणाला, "नाही, मुलगी. पण पेढेच." सगळ्या वॉर्डात त्यानं स्वतः वाटले. थोरलीला सायकल शिकवली त्यानं. धाकटी पहिल्यांदा 'अब्बा' म्हणायच्या आधी 'चाचा' म्हणाली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात हा माणूस कुणाला चुकीचा वाटू नये.

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या आगारातला एक सहकारी गेला. वय चाळीसच्या आत. मागं बायको आणि दोन मुली. आमच्या मुलींएवढ्याच. आई-वडील आधीच गेलेले, दोन भाऊ. एक लहानसा फ्लॅट त्याच्या नावावर होता. वर्षभर सगळं ठीक चाललं. नंतर फ्लॅटवर वारसांची नावं लावायची वेळ आली, तेव्हा कळलं की भावांचाही हिस्सा आहे. भाऊ काही राक्षस नव्हते. एकाच्या डोक्यावर कर्ज होतं, त्याला पैशांची गरज होती. त्यानं हक्काचं मागितलं, एवढंच. वहिनींकडं त्यांना द्यायला रोख रक्कम नव्हती. फ्लॅट विकला गेला. वहिनी मुलींना घेऊन माहेरी खेड्यात गेल्या. थोरलीची शाळा सुटली ती वर्षभर सुटलीच. सामान टेम्पोत भरताना आम्ही दोघं मदतीला गेलो होतो. भिंतीवर पेन्सिलीनं मुलींच्या उंचीच्या खुणा होत्या. तशाच खुणा आमच्याही दाराच्या चौकटीवर आहेत.

त्या रात्री आम्ही दोघांनी पहिल्यांदा मरणाबद्दल बोललो. २०१७ साली आम्ही गुंठाभर जागेवर दोन खोल्या बांधल्या. कर्जाचे हप्ते दोघांच्या पगारातून जातात, पण खरेदीखत बापाच्या एकट्याच्या नावावर. तेव्हा दुसरं काही सुचलंच नव्हतं. उद्या बाप गेला तर काय? कायद्याची पुस्तकं आणि धार्मिक पुस्तकं, दोन्ही बघितली. मुलगा नसेल आणि दोन मुली असतील तर त्यांना मिळून दोनतृतीयांश. बायकोला एकअष्टमांश. आईला एकषष्ठांश. उरेल ते भावाला.

दुसऱ्या दिवशी थोरलीच्या पाटीवर आईनं तो हिशेब मांडला. छेद समान करायचा, चोवीस. मुलींचे सोळा, अम्माचे चार, बायकोचे तीन. झाले तेवीस. उरला एक. थोरलीच्या वर्गात नुकतेच अपूर्णांक सुरू झाले होते, ती डोकावून म्हणाली, "हा एक कुणाचा?"

"चाचाचा."

ती विचारात पडली. "चाचाला एकच? आम्हाला आठ-आठ?" तिच्या मते चाचावर अन्याय झाला होता. आम्हाला हसावं की काय कळेना.

चोवीसातला एक म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणेल. अम्मा आमच्या आधी गेली तर त्या एकाचे पाच होतात, हे सोडून देऊ. पण घर म्हणजे चपाती नव्हे. दोन खोल्यांचे चोवीस तुकडे कसे करणार? ज्याचा एक हिस्सा आहे त्याच्याही सहीशिवाय ते घर विकता येत नाही. आणि आज चाचा आहे, उद्या त्याचे मुलगे असतील, त्यांच्या सुना असतील. प्रेम वारसानं मिळेलच असं नाही, हिस्सा मात्र मिळतो. शिवाय आमच्या मनाला खरं टोचलं ते वेगळंच. मुलींच्या जागी एक जरी मुलगा असता तरी चाचाच्या वाट्याला काहीही आलं नसतं. म्हणजे 'मुलगा नाही' हे जे व्हरांड्यात कुणी बोललं नव्हतं, ते हिशेबात लिहिलेलं होतं.

हा विषय निघाला की लोक दोन गटांत उभे राहतात. टीव्हीवर समान नागरी कायद्याचा गलका सुरू झाला की आम्ही आवाज बंद करतो, कारण त्या आरडाओरड्यात आमच्या मुली कुठंच नसतात. सातव्या शतकात मुलीला बापाच्या मालमत्तेत नेमका हिस्सा लिहून दिला गेला, याचा आम्हाला अभिमान आहे. आपल्या देशातल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला; महाराष्ट्रानं तो १९९४ मध्येच दिला होता. तेव्हा कुणी कुणाला नावं ठेवायचं कारण नाही. प्रश्न एवढाच, की आमच्या दोन मुलींचं छप्पर कसं टिकवायचं.

२०२३ मध्ये पेपरात एक बातमी वाचली होती. केरळात कासरगोड जिल्ह्यात अॅड. सी. शुक्कूर आणि डॉ. शीना शुक्कूर या जोडप्यानं त्या वर्षी ८ मार्चला, महिला दिनी, विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केलं. त्यांनाही मुलगा नाही, तीन मुली आहेत. निकाह जुनाच, नवरा-बायको तीच. लग्न या कायद्याखाली झालं किंवा नोंदलं गेलं, की वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ठरतो. मग बायकोला एकतृतीयांश आणि मुलांना दोनतृतीयांश, मुलगा असो वा मुलगी. तेव्हा ती बातमी वाचून आम्ही पेपर घडी करून ठेवला होता. आता तो आठवला.

आईनं वाचनालयातून मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' आणलं. १९६६ च्या १८ एप्रिलला सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर काढलेला मोर्चा आम्हाला माहीत होता. पण या दोघांनीही १९५६ मध्ये निकाहानंतर आपलं लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदवलं होतं आणि त्यांनाही दोन मुलीच होत्या, याकडं आमचं कधी लक्ष गेलं नव्हतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच मराठी मुसलमान माणसांनी जी वाट धरली, ती आम्हाला केरळच्या बातमीतून सापडावी, याची थोडी लाजही वाटली.

ओळखीच्या वकिलांकडं गेलो. त्यांनी कायदा उलगडून सांगितला. १९५४ च्या या कायद्याच्या पंधराव्या कलमात, आधी झालेलं लग्नही नोंदवता येतं. दोघांची वयं एकवीस पूर्ण हवीत, दोघांपैकी कुणाला दुसरा जोडीदार नको, जिल्ह्यात तीस दिवसांचं वास्तव्य हवं. अर्ज दिला की नोटीस लागते, तीस दिवस हरकतीसाठी. मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. शेवटी ते म्हणाले, "आणि लग्नानंतर झालेल्या मुलांची नावंही त्या प्रमाणपत्राच्या वहीत घालतात."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. दोघांनाही अल्बमच आठवला होता.

पण वकिलांनी आणखी एक सांगितलं, आणि तिथं आम्ही अडलो. त्या कायद्यात मुलं असताना आईला हिस्सा नाही. शरियतप्रमाणं अम्माचे चोवीसातले चार आहेत, नव्या हिशेबात शून्य. मृत्युपत्र करून आपण तिला हवं ते देऊ शकतो, पण हक्क म्हणून तिचं काही उरत नाही. मुलींना द्यायला निघालो आणि घरातल्या तिसऱ्या बाईचं काढून घेतोय की काय, असं झालं. जी बाई पाच वाजता उठून आमचं घर जागं करते, तिचं. महिनाभर आम्ही गप्प राहिलो. अम्माला न सांगता सगळं उरकता आलं असतं. सांगावं लागेल असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

एका शुक्रवारी दुपारी सांगितलं. ती मेथी निवडत होती. आम्ही पाटीवरचा हिशेब तिला समजावला, तुझे चार जातात हेही सांगितलं. ती बराच वेळ मेथीच निवडत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते आम्ही आधी कधी ऐकलं नव्हतं. तिच्या अब्बांची तासगावकडं चार एकर जमीन होती. ते गेल्यावर १९८८ मध्ये भावांनी तिला तहसीलला नेलं, चहा पाजला, साडी दिली आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. "कुराणनं दिलेलं होतं गे मला," ती म्हणाली, "पण मी मागितलं असतं तर माहेर तुटलं असतं. सही करून परत येताना एसटीत मी कुणालाच काही बोलले नाही." त्या जमिनीत आज द्राक्षबाग आहे. दर उन्हाळ्यात मामू द्राक्षांची एक पेटी पाठवतो. आमच्या मुली मिटक्या मारत खातात, आणि अम्मा हात लावत नाही. तिला आंबट चालत नाही, असंच आम्ही इतकी वर्षं समजत होतो.

हो किंवा नाही, ती काहीच म्हणाली नाही. "मौलानांना विचारा," एवढंच म्हणाली.

विचारलं. त्यांनी रागावून नाही, समजुतीनं सांगितलं. अल्लाहनं ठरवलेल्या हिश्शांत फेरफार नको. हयातीतच मुलींना हिबा करून द्या, ते जायज आहे. सल्ला वाईट नव्हता. पण घर बँकेकडं गहाण आहे, हप्ते अजून बरीच वर्षं चालतील, आणि हिबा म्हणजे आत्ताच सोडून देणं. हे त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मैंने मेरा फर्ज अदा किया." आम्ही सलाम करून आलो. त्यांच्याबद्दल आमच्या मनात काही नाही. पण त्या रात्री बापाला झोप लागली नाही. चाळीस वर्षं जे मानत आलो त्याच्याबाहेर पाऊल टाकतोय का, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातून सुटत नाही. आईचं म्हणणं होतं, निकाह मोडत नाही, नमाज सुटत नाही, रोजा सुटत नाही. बापाचं म्हणणं होतं, तरी भीती वाटतेच. ती भीती अजूनही पुरती गेलेली नाही, हेही इथं लिहायचं ठरलंय.

सगळ्यात अवघड होतं भावाला सांगणं. तो ऐकून घेऊन उठला. दारात चप्पल घालताना म्हणाला, "भैया, मेरेकू इत्ताच पैचान्या तू? मै पोरींका लेऊंगा?" आणि गेला. आम्ही म्हणालो होतो, प्रश्न तुझा नाही, कायद्याचा आहे. पण ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच कागद दाखवला की त्याला दुसरं काय वाटणार? पंधरा दिवस तो आला नाही. धाकटी रोज विचारायची, चाचा का येत नाही. थोरलीला कुणकुण लागली होती. ती एकदा म्हणाली, "त्याला एकच हिस्सा दिला म्हणून रागावलाय ना? माझ्यातला एक द्या त्याला."

सोळाव्या दिवशी तो आला. मुलींसाठी भडंग आणला होता. आमच्याशी थोडंच बोलला. जाताना म्हणाला, "मेरेकू पैले पूछना था. सहकाऱ्याचं घर विकलं तेव्हाच मी तुला म्हणणार होतो, पण म्हटलं, भैयाला वाटेल मी मरणाचं बोलतोय." म्हणजे तोही तेच बघत होता आणि तोही गप्प होता.

अर्ज दिला. नोटीस लागली. आठव्या दिवशी एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन. त्यांच्या भाच्यानं सांगलीला कार्यालयाच्या फलकावर आमची नावं वाचली होती. "सब खैरियत तो है ना? पुन्हा लग्न म्हणजे... मध्ये काही झालं होतं का?" आमचा तलाक होऊन पुन्हा जुळलं, अशी बातमी मोहल्ल्यात पसरली होती. आठवडाभर बायका आईकडं दयेनं बघत होत्या आणि पुरुष बापाकडं संशयानं. अम्मानंच शेवटी नळावर जाहीर केलं, "निकाह वोइच है, कागज नया है." हरकत कुणीही घेतली नाही.

सह्यांच्या दिवशी आम्ही सगळे एसटीनं सांगलीला गेलो. मुलींना ईदचे कपडे घातले होते. वर्गात सांगायला थोरली लाजत होती, धाकटीनं मात्र बाईंना आधीच सांगून टाकलं होतं, "उद्या माझ्या अम्मी-अब्बांचं लग्न आहे, म्हणून मी येणार नाही." बाईंनी आईच्या शाळेत फोन करून खात्री करून घेतली.

साक्षीदार तिघं. एक आगारातला सहकारी. दुसरी चाची. तिसऱ्या साक्षीदारासाठी आम्ही भावाला विचारलं होतं. तो म्हणाला, "सही नक्को मांगू. मै पोरींकू संभालता." त्याच्या मनातलं आम्ही उकरलं नाही. तिसरी सही अम्मानं केली. कार्यालयातल्या बाईंनी जागा दाखवली, अम्मानं चष्मा पुसला आणि चौथीपर्यंतच्या मराठी शाळेत शिकलेल्या अक्षरात नाव लिहिलं. तिला वेळ लागला. मागं रांगेत नवी जोडपी हार घेऊन उभी होती, पण कुणी घाई केली नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ये सही मैंने पढके करी." तहसीलच्या त्या सहीचा विषय आमच्यातल्या कुणीच काढला नाही.

मुलींची नावं वहीत लिहिली गेली. धाकटीनं टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून आपलं नाव लिहिताना बघितलं आणि कार्यालयातल्या बाईंना विचारलं, "फोटो नाही काढणार?" चाचानं मोबाइलवर काढला. त्यात आम्ही दोघं, अम्मा, चाची, मुली असे सगळे आहोत. फोटो काढणारा नाही, पण त्याचा अंगठा एका कोपऱ्यात आलाय.

त्यानंतर मृत्युपत्रही केलं. अम्माला पहिल्यासारखाच सहावा हिस्सा लिहायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, "हिस्सा नक्को. मेरी खोली लिखो, मरेपर्यंत." खोली लिहिली, आणि तिला न विचारता हिस्साही लिहिला. हे ती वाचेल तेव्हा रागावेल.

बाकी घरात काही बदललं नाही. आजही सकाळी धाकटीची एक रिबीन हरवली होती, ती शाळा सुटल्यावर दप्तरात चटणीच्या डब्याखाली सापडली. चाचा जुम्म्याला येतो, मुलींना गाडीवरून फिरवून आणतो. तो पूर्वीसारखाच हसतो, पण आमच्या घराच्या दुरुस्तीचा, रंगाचा विषय निघाला की गप्प बसतो. हे कधी जाईल, जाईल की नाही, आम्हाला ठाऊक नाही. मुलींना हे सगळं मोठेपणी समजेल, तेव्हा त्यांनी आम्हाला विचारावं. तोपर्यंत इथं लिहून ठेवतोय.

प्रमाणपत्राची एक प्रत आम्ही त्या जुन्या अल्बमच्या शेवटच्या पानात ठेवलीय, चाचानं काढलेल्या फोटोसोबत. परवा घरी पाहुणे आले तेव्हा धाकटीनं अल्बम काढला. सवयीनं आधी तिनं तो पिवळट डाग दाखवला, "ही मी." मग शेवटचं पान उघडून म्हणाली, "आणि ही पण मीच."